दक्षिणेचं दार

गेल्या वर्षीची अकरा फेब्रुवारी, मंगळवार. माणशी दोन हजार शंभर रुपये, दुपारचं जेवण धरून. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको सुमन आणि माझा थोरला चुलतभाऊ दत्तादादा. ठिकाण व्हिएतनाममधलं कू ची, जिथं लढाईच्या काळात माणसं जमिनीखाली बोगदे खणून राहिली होती. विमानाचा आणि हॉटेलचा खर्च पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं केला होता. त्या एका दिवसाचा खर्च तेवढा आमच्या खिशातला, म्हणून आकडा पाठ आहे.

आज हे आठवायचं कारण धूर. आमच्या वाडीवर सध्या राब भाजायचे दिवस आहेत. भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं शेण, पाला, झाडाच्या डहाळ्यांची कवळं आणि गवत पसरून ते पेटवतात. पोलादपूरच्या बाजूला या दिवसांत कुठल्याही टेपावर, म्हणजे टेकाडावर, उभं राहिलं की समोरच्या डोंगरउतारांवर धुराचे लहान लहान दोरे दिसतात. कुठल्या दोऱ्याखाली कोण उभं असेल ते आम्हाला इथून सांगता येतं. माझ्या खिडकीतून आत्ता दादाच्या राबाचा धूर येतोय आणि सुमन स्वयंपाकघरातून ओरडतेय, "दादांना सांगा, वारा फिरलाय, माझे पापड वाळत घातलेत!"

ती तिच्या स्वयंपाकघरातून ओरडते आहे, ही माझ्या दृष्टीनं साधी गोष्ट नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत महाड-पोलादपूरकडे काय झालं ते आमच्याकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. त्या दिवशी सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं होतं, रस्ते बंद होते आणि मी तिथंच अडकलो होतो. इकडे वाडीवर दुपारी चारच्या सुमाराला घरामागची दरड सुटली. सगळा डोंगर आला नाही, आमच्या नशिबानं त्याचा एक पदर आला. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, पूर्वेकडे. मागचं दार डोंगराकडे उघडणारं. उत्तरेची भिंत दादाच्या घराला लागून. मागच्या दारातून चिखल आत घुसला आणि त्याच्या रेट्यानं भाताची भरलेली कणगी सरकून माजघराच्या दारात आडवी झाली. सुमन मधे. दोन दारं, दोन्ही बंद. चिखल कमरेपर्यंत.

दादा तेव्हा नुकताच मुंबईतल्या गोदीतल्या नोकरीवरून निवृत्त होऊन गावी आला होता. वहिनी गेल्यापासून एकटाच. तो साठीचा माणूस भर पावसात आमच्या कौलांवर चढला, कौलं काढली, रीपा तोडल्या आणि वरून दोर सोडला. दिवेलागणीला तिला बाहेर काढली. पुढं कधीतरी मी त्याला हात जोडायला गेलो तर म्हणाला, "अरे, ती खालनं मलाच सांगत होती, दादा, वासा निसटेल, भिंतीच्या बगलेत पाय ठेवा. कोण कुणाला काढीत होतं ते इचार आधी."

घर उभं राहिलं. पुढं वरच्या अंगाला दगडांची भिंत झाली, डोंगरावरचं पाणी चर मारून ओढ्याकडे वळवलं, तपासणीला माणसं आली, पाहून गेली. दर पावसाळ्यात जास्तीच्या पावसाचा इशारा आला की अख्खी वाडी खालच्या शाळेत जाऊन बसते, तो आता नेमच झालाय. पण सुमनच्या आत जे बसलं होतं ते कुणाला वळवता आलं नाही. जून आला की आम्ही घराला कुलूप लावून बिरवाडीला भाड्याच्या खोलीत जायचो. कारखान्यातल्या पोरांच्या खोल्यांच्या रांगेत एक आमची. सपाट जागा, डोंगर लांब. तिथंही ती न्हाणीच्या दाराला आतून कडी लावायची नाही. गाणं म्हणायची, म्हणजे कुणी येणार नाही. बिरवाडीच्या त्या ओळीतल्या सगळ्यांना तिची गाणी पाठ झाली होती.

खेडला तिच्या बहिणीकडे जायचं म्हणजे कशेडीच्या नव्या बोगद्यातून जावं लागतं. सरळ रस्ता, आत दिवे, चार-पाच मिनिटांचं काम. बोगद्याचं तोंड दिसलं की ती पुढच्या सीटची दांडी पकडायची आणि डोळे मिटायची. दुसऱ्या टोकाला उजेड आला तरी मी सांगेपर्यंत उघडायची नाही. मग मी जुन्या घाटानं जाणाऱ्या गाड्या शोधू लागलो.

तीन पावसाळे असे गेले. लावणी दादानं अर्धेलीनं केली. आमच्या शेतातलं भात लोंबीला आलेलं आम्ही पाहायचो ते थेट गणपतीला, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. शेवटी मी बिरवाडीत एक फ्लॅट बघून ठेवला. घर विकायचं, नाही विकलं गेलं तर दादाच्या हवाली करायचं. विसार द्यायचा तेवढा राहिला होता. सुमनला विचारलं तर ती म्हणायची, "तुम्ही ठरवा." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर मला इतकं कळतं, की ती असं म्हणते तेव्हा काहीच ठरलेलं नसतं. तिला घर सोडायचं नव्हतं आणि घरात राहताही येत नव्हतं.

अशा दिवसांत मुलीनं तिकिटं काढली. भात झोडून झालेलं, पेंढा रचलेला, राबाला अजून वेळ. दादालाही तिनंच बळं बरोबर घेतलं. तिथं गेल्यावर एका दिवशी दोन पर्याय होते, नदीतून होडीची सफर नाही तर बोगदे. दादाला बोगदे पाहायचे होते. मी म्हटलं, तू जा, आम्ही होडीत बसतो. सुमन म्हणाली, "मी येत्ये की. भायेर बसेन. तुमी दोघं जाल आत आणि मी होडीत एकटी काय करू?"

बस सकाळीच निघाली. रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातखाचरं. फेब्रुवारीत हिरवं भात! आमच्याकडे त्या वेळी खाचरात नुसता खुंट आणि भेगा असतात. सुमन खिडकीला नाक लावून बसली. "बाई गं, हितं तर लावणी चाललीय," ती म्हणाली. लावणी म्हणजे वाकून चिखलात घालवलेले दिवस, गुडघ्यापर्यंतचं थंड पाणी, शेजारणीशी चाललेल्या उखाळ्यापाखाळ्या, दुपारची भाकरी आणि सुकट. तिच्या हातून ती तीन वर्षं सुटली होती. मला तोवर वाटत असे की तिनं चिखलाला भिऊन ती सोडली. त्या खिडकीशी मला पहिल्यांदा दिसलं की चिखलाची तिला भीती नव्हती, आठवण येत होती.

आमच्या बरोबरच्या मार्गदर्शक बाईचं नाव लान. चाळिशीच्या आतली, बारीक, गळ्याला चौकड्याचा रुमाल, डोक्यावर पानांची निमुळती टोपी. आमच्याकडचं इरलं लहान करून डोक्यावर ठेवलं तर कसं दिसेल, तशी. तिचं इंग्रजी मला समजत होतं. भारतातले लोक हल्ली फार येतात म्हणून हिंदीही चार शब्द उचललेली. "चलो, चलो," ती म्हणायची, आणि पायरी आली की "आराम से." दादाला मग काय, गोदीतली हिंदी बोलायला माणूसच मिळालं. "मॅडम, ये सब हाथ से खोदा क्या?" त्यानं विचारलं. लाननं उत्तर म्हणून दोन्ही हात पुढे केले आणि मग एक लहान कुदळ दाखवली. दादानं कुदळ उलटीपालटी करून पाहिली. "आपल्या आळवाडीला पण ह्याच्यापेक्षा मोठी लागते," तो मला म्हणाला.

झाडीतून चालत आम्ही एकेक जागा पाहत होतो. लांब कुठंतरी पर्यटकांसाठी बंदुका चालवायची सोय आहे, तिचे आवाज मधूनमधून यायचे. जमिनीखालचं एक स्वयंपाकघर होतं. चुलीचा धूर थेट वर येऊ नये म्हणून तो मातीतल्या लांब नळीतून फिरवून दूर नेऊन सोडलेला. तिथं तो गवतातून धुक्यासारखा जेमतेम दिसत होता. सुमन वाकून वाकून ती चूल पाहत राहिली. "जमिनीलाच धूर गिळायला लावलाय ह्यांनी," ती म्हणाली. वर वारुळासारखे मातीचे उंचवटे होते, त्यांतून खाली हवा जायची. दादा प्रत्येक वारुळाला मनातल्या मनात नमस्कार करत पुढे जात होता. मी पाहिलं ते त्याला आवडलं नाही. "तुला काय करायचंय," तो पुटपुटला. "जागा कुणाची ती आपल्याला म्हाईत नाय. जागेला राखणदार असतोच."

मग एका ठिकाणी लाननं पाचोळा बाजूला सारला. खाली लाकडी झाकण, पाटाएवढं. तिथल्या एका माणसानं झाकण डोक्यावर धरलं, हात वर करून त्या भोकात उतरला आणि झाकण बसवून घेतलं. कुणीतरी पाचोळा सारखा केला. माणूस नाहीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमननं माझी बाही घट्ट धरली होती. तिच्या तोंडाचा रंग पाहून मी म्हटलं, "चल, आपण बाकावर बसू." ती हलली नाही. झाकणाकडे पाहत राहिली. आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं, चांगलं लांबून, एका झुडपापाशी तोच माणूस कपडे झटकत उभा राहिला.

सुमननं बाही सोडली.

"हिला विचारा, तो तिकडनं कसा निघाला?"

मी लानला विचारलं. लान म्हणाली, आत शिरायची एक वाट आणि निघायची दुसरी. सगळीकडे असंच.

"सगळीकडे म्हंजे? चुलीपाशी पण?"

चुलीपाशी पण, लान म्हणाली. मग ती म्हणाली, माझी आजी या भागातलीच. ती सांगायची, आधी बाहेर पडायची वाट ठरवायची, मग खोली खणायची. आजी म्हणायची, आम्ही शूर होतो म्हणून खाली झोपत नव्हतो. दुसरी वाट होती म्हणून झोप लागायची.

मी हे सुमनला जसंच्या तसं मराठीत सांगितलं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढं पर्यटकांना आत जाता येतं तो बोगदा होता. मुद्दाम थोडा रुंद केलेला, तरी ओणवं होऊनच जायचं. तोंडाशी आल्यावर दादा म्हणाला, "कशेडीच्या बोगद्यातनं यश्टी आरपार जाते. हितं मांजरपण दोनदा इचार करील." लोक एकेक करून आत शिरू लागले. सुमननं मला विचारलं, "ह्याची दुसरी वाट कुठं?" लाननं हातानं दाखवली. सुमन वरून, उन्हातून, तिकडे चालत गेली. बाहेर येण्याच्या भोकापाशी उभी राहिली, आत डोकावली, काठाची माती हातानं दाबून पाहिली. मग चालत परत आली. आमची सगळी बस थांबली होती. कुणीतरी मागून कुरकुरलं, तर लान त्यांना म्हणाली, "आराम से."

"चला," सुमन म्हणाली.

पुढे लान हातातला दिवा घेऊन, मग सुमन, मागे मी, माझ्या मागे दादा. आत गरम होतं. माती विटेसारखी घट्ट आणि माझी पाठ वर घासत होती. दिव्याचा उजेड सुमनच्या कडेनं येईल तेवढाच. मधेच ती थांबली. पुढं जागा नाही, मागं जागा नाही. मी तिच्या टाचेवर हात ठेवला. मागून दादा काही बोलायला लागला, मी त्याला गप्प केलं. लानही पुढे थांबली होती, वळता येत नव्हतं म्हणून तिनं फक्त एक हात मागं केला आणि सुमननं तो धरला.

"थांबा," सुमन म्हणाली. "ऐकू द्या."

ती पाणी ऐकत होती. मला ते त्याच क्षणी कळलं. त्या दुपारी स्वयंपाकघरात दरड येण्याआधी तिला भिंतीतून पाण्याचा आवाज आला होता, असं ती एकदाच मला म्हणाली होती. इथं आवाज नव्हता. लांबच्या बंदुकाही इथं ऐकू येत नव्हत्या. तिनं बाजूच्या भिंतीवरून तळवा फिरवला. "कोरडी हाय," ती म्हणाली, बहुतेक स्वतःलाच. "ह्या मातीला वास पण नाय." आणि ती पुढे सरकली.

बाहेर आलो तेव्हा तिच्या केसांत माती, गुडघे मातीनं माखलेले. लाननं गळ्यातला रुमाल काढून तिचे गुडघे झटकले, लहान मुलाचे झटकावेत तसे. सुमन हसली नाही, रडलीही नाही. "पाणी द्या," म्हणाली. दादा मात्र बाकावर बसून हाश्शहुश्श करत होता. "माझा कमरेचा काटा गेला गो सुमन. तुला एकदा वर वढली, आता मला कोण वढणार?" "तुमाला वढायला क्रेन मागवू," सुमन म्हणाली. तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

मग उकडलेले कंद आणि बरोबर शेंगदाण्याचं मीठ-साखर घातलेलं कूट आलं. बोगद्यात राहणारी माणसं हेच खायची, लाननं सांगितलं. सुमननं एक घास खाल्ला. "कणगरच की," ती म्हणाली. "जरा कमी गोड." आणि दादाच्या वाटचंही संपवलं.

त्या दिवशी आमच्या हॉटेलच्या खोलीत ती दार-खिडकी काही न तपासता बसली आणि म्हणाली, "आपल्या सैपाकघराला दक्षिणेकडं दार पाडूया."

मी हिशेबाचा माणूस. तीन वर्षं मी फ्लॅटची किंमत, घराची किंमत, खोलीचं भाडं अशी बेरीज-वजाबाकी करत होतो. त्या स्वयंपाकघराला बाहेर पडायच्या दोनच वाटा होत्या आणि त्या एकाच रेट्यात बंद झाल्या, हे माझ्या कुठल्या बेरजेत आलं नव्हतं. दक्षिणेची भिंत मोकळी होती. तिच्या बाहेर भाजीचा वाफा, मग पायवाट, मग थेट खालची शाळा.

मोकळी का राहिली होती, तेही सांगायला हवं. दक्षिण यमाची. आमच्याकडे दक्षिणेला दार कुणी ठेवत नाही. झोपताना पाय तिकडे करत नाहीत. चैत्रात गवंडी बोलावला तर त्यानं भिंत पाहिली, सूर्य पाहिला आणि तंबाखू मळत उभा राहिला. आणि सगळ्यांत जास्त अडलं ते दादापाशी.

"ह्या घरात दक्षिणेला दार पडलं तर मी पाय ठेवायचा नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तुला दोरानं वढून काढली ती यमाला वाट करून द्यायला काय गो? सांग मला!"

सुमन सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"दादा, तुमीच सांगा. त्या दिवशी यम आला तो कुठनं आला?"

दादा गवंड्याकडे पाहू लागला.

"पूर्वेकडनं आला. देवाच्या दिशेनं. तुमी माझ्या डोस्क्यावर उभे होतात, तुमी बघितलात. दक्षिणेकडनं कोण आलं? दक्षिणेकडनं शाळेतली माणसं आली फावडी घेऊन. त्यांना आत यायला दार नव्हतं."

गवंड्यानं तंबाखू तोंडात टाकायची थांबवली. दादा भिंतीकडे पाहत राहिला. तो चिडला की खाकरतो, तसा खाकरलाही नाही. मग उठला, गवंड्याच्या हातातली पहार घेतली आणि म्हणाला, "बाजूला हो. कौलं मी काढली, भिंत पण मीच काढीन." पहिला घाव त्यानं घातला. चौथ्या-पाचव्या घावाला दम लागला तेव्हा गवंड्यानं पहार परत घेतली, पण पहिलं भोक दादाचं. दार बसलं त्या दिवशी तो त्याच दारातून आत आला, डोकं आपटून, कारण चौकट सुतारानं जरा ठेंगणी केली. "यम उंच असतो," दादा कपाळ चोळत म्हणाला. "त्याला नाय शिरता यायचं."

गेला पावसाळा आम्ही घरी काढला. बिरवाडीच्या खोलीवाल्याला आणि फ्लॅटवाल्याला, दोघांनाही नाही म्हणून कळवलं. भीती संपली असं मी म्हणणार नाही. जोराची सर आली की सुमन बोलता बोलता थांबायची आणि कान द्यायची. ती झोपायची स्वयंपाकघरात, दक्षिणेच्या दाराला डोकं लावून, कडी काढून. डोकं दक्षिणेलाच करायचं असतं, असं तीच मला समजावून सांगायची. दोनदा इशारा आला, दोन्ही वेळा आम्ही त्या दारातून निघून वाफ्याच्या कडेकडेनं शाळेत गेलो आणि उघडीप झाल्यावर परत आलो. लावणीला ती पहिल्या दिवसापासून शेतात होती. शेजारणींशी भांडून आली. घरी आल्यावर पाय न धुता त्या दारात बसली आणि म्हणाली, "चिखल कसा गरम असतो वरनं, आणि आत गार. इसरलेच होते." मी तांब्या घेऊन उभा होतो. मला त्या वेळी कुणाचे तरी आभार मानायचे होते आणि ते माणूस समोर नव्हतं. म्हणून मी तिच्या पायांवर पाणी घातलं.

आभाराची गोष्ट निघालीच आहे, तर अकरा फेब्रुवारीचा दिवस कसा संपला ते लिहितो.

परतीच्या वाटेवर तांदळाच्या पिठाचे पातळ पापड करून दाखवणाऱ्या एका शेडपाशी बस थांबली होती. लान दारात उभी राहून सगळ्यांचा निरोप घेत होती, तिचं काम तिथं संपत होतं. मी पाकिटातून तिच्यासाठी काही नोटा वेगळ्या काढल्या. सुमन म्हणाली, "थांबा जरा." ती शेडमधल्या बाईकडे गेली, खुणा केल्या आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आली. रस्त्यावरच्या गाडीवरून एक नारळ आणला, पाण्याचा, हिरवा. तिच्या पिशवीत लेकीसाठी घेतलेलं रेशमी कापड होतं, ते काढलं. मग मला कळलं. ती लानची ओटी भरणार होती.

"अगो, तिला इचार तरी," दादा कुजबुजला. "सवाष्ण हाय का, काय हाय..."

"मला वाट दावली तिनं," सुमन म्हणाली. "आणि काय इचारायचंय?"

लानच्या अंगात सदरा आणि पँट. पदर नाही. सुमननं पदर धरून दाखवला, कसं घ्यायचं ते. लान क्षणभर गोंधळली. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. सुमननं तीत ओंजळीनं तांदूळ घातले, कापड ठेवलं, वर नारळ ठेवला. कुंकू नव्हतं. तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि तेच लानच्या कपाळाला टेकवलं.

मीही नोटा दिल्या. त्या लाननं न मोजता खिशात घातल्या. टोपी मात्र दोन्ही हातांनी धरून, बस सुटून वळणाआड जाईपर्यंत, ती भर उन्हात उघड्या डोक्यानं उभी राहिली.